सोलापुरात सगळ्यांचे हॉल एकसारखेच का दिसायला लागलेत?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलाय, ताबा मिळाला, आता आतलं काम सुरू करायचंय. त्यानिमित्तानं ओळखीच्या लोकांचे बरेच नवे फ्लॅट बघितले, विजापूर रोडला, होटगी रोडला, अक्कलकोट रोडच्या बाजूला पण. खरं सांगतो, हॉलचे फोटो काढून एकत्र मिसळले तर कुठला कुणाचा ते ओळखता येणार नाही. टीव्हीमागं उभ्या पट्ट्यांचं फ्ल्यूटेड पॅनल, फॉल्स सिलिंगमधून पिवळट स्ट्रिप लाइट, बेज सोफा, कोपऱ्यात वाळलेलं पम्पास गवत आणि भिंतीवर तीन फ्रेम, त्यातल्या एकीत अर्धा सूर्य.

ज्या गावात चादर, टॉवेल आणि वॉल हँगिंग विणून लोकांची पोटं भरली त्या गावातल्या हॉलमध्ये यातलं काहीच दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं मत असं की ही निवड आपण करतच नाहीये. एखाद्या रीलवर चार सेकंद जास्त थांबलं की दुसऱ्या दिवसापासून तसल्याच हॉलचा भडिमार, मग शॉपिंग ॲप उघडलं की तोच सोफा समोर, आणि मागवला की दारात. मध्ये विचार करायला जागाच राहत नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी वेगळं काही केलं असेल तर काय केलं ते लिहा. घरात सध्या यावरून रोज चर्चा आहे, बायको आणि मुलगी एका पार्टीत, मी एकटा.

शेंगाचटणी
पम्पास गवत आमच्याकडं पण आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, हे कुठल्या रानातलं, आणि गुरं खात नव्हती का म्हणून आणलं.

काय_बे
सासूबाईंना दंडवत.

अनघा_जुळेकर
मला मूळ पोस्ट पटली नाही. आधी आवड "आपली" होती हे कुणी ठरवलं? नव्वदच्या दशकातली घरं आठवा. प्रत्येकाकडं काचेचं शोकेस, त्यात बाहुली, कपबशांचा न वापरलेला सेट, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, मरून वेलवेटचा सोफा. तेव्हा तर फोन नव्हते. नवी पेठेतला दुकानदार जे ठेवायचा आणि सुतार जो कॅटलॉग दाखवायचा त्यातूनच निवडायचं, बहुतेक वेळा तर निवडायचे पण घरातले पुरुष. आज माझी मुलगी स्वतःच्या खोलीचा रंग स्वतः ठरवते आणि दहा पर्याय बघून ठरवते.

दुसरं, माझ्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कमोडवर बसवायची उंच सीट, बाथरूममधला धरायचा दांडा, पायाखालची न घसरणारी मॅट असं सगळं लागलं. आम्ही दुकानं फिरलो, एक मिळालं तर दुसरं नाही. ॲपवर एक वस्तू शोधली तर खाली बाकीच्या दोन त्यानंच दाखवल्या, ज्या लागतील हे आमच्या लक्षात पण नव्हतं आलं. आई मंगळवेढ्याला असते, तिथं घरपोच आलं. हे पण त्याच अल्गोरिदमनं, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या ॲपमधल्या हिशेबानं केलं ना. त्यामुळं सरसकट शिव्या नकोत.

शेंगाचटणी
अनघाताई +१. शोकेसमधली ती बाहुली आमच्याकडं अजून आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

भीमाकाठचा
मूळचा मोहोळचा, आता पुण्यात, काम याच क्षेत्रात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अनघाताईंच्या आईला जे दाखवलं गेलं त्यामागची पद्धत जुनी आहे. ॲमेझॉनच्या तीन इंजिनिअरांनी २००३ साली त्यावर लेख लिहिला होता. कल्पना अशी की माणसं एकमेकांशी जुळवत बसायचं नाही, वस्तू वस्तूंशी जुळवायच्या. ही घेणाऱ्यांनी ती पण घेतली, एवढी नोंद पुरते. तुम्ही कोण, कुठल्या गावचे, घरात ऊन कुठून येतं याच्याशी त्या हिशेबाला देणंघेणं नसतं. गरज सगळीकडं सारखी असेल, जसं गुडघ्याचं ऑपरेशन, तिथं हे फार छान चालतं. आवडीच्या बाबतीत मात्र गडबड होते.

का होते त्याचा एक सुंदर प्रयोग आहे, २००६ साली सायन्स या साप्ताहिकात छापून आलेला. १४,००० हून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती, बाकीच्यांना कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं तो आकडा पण दिसत होता. हे आकडेवाले लोक आठ वेगवेगळ्या गटांत टाकले होते, एका गटाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. आकडा दिसल्याबरोबर वर गेलेली गाणी आणखी वर गेली, पडलेली आणखी पडली. आणि गंमत म्हणजे आठ गटांत वर आलेली गाणी सारखी नव्हती. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही झालं. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय निवडलं यावर पुढचं सगळं ठरलं.

आता बेज सोफ्याकडं बघा. तो वाईट नाही. पण "बेस्टसेलर" चिकटला की तो वर, वर आहे म्हणून जास्त लोक बघणार, बघतात म्हणून जास्त विकणार. प्रत्येक जण आपापल्या घरात बसून स्वतंत्र निवड करतोय असंच त्याला वाटत असतं.

आणि हे गोडाऊनपर्यंत जातं. २०१३ च्या डिसेंबरात ॲमेझॉनला एक पेटंट मिळालं, गिऱ्हाइकानं ऑर्डर द्यायच्या आधीच माल त्याच्या भागाकडं रवाना करायचा. पेटंट मिळालं म्हणजे ते जसंच्या तसं वापरतात असं नव्हे, पण जे खपेल असा अंदाज आहे ते जवळच्या गोडाऊनमध्ये आधीच आणून ठेवणं आता नेहमीचं झालंय. जवळ असलं की "उद्या मिळेल" लिहून येतं. आणि उद्या मिळणारी आणि बारा दिवसांनी मिळणारी अशा दोन चादरी समोर असल्या की आपण कुठली घेतो?

काय_बे
उद्यावाली. कबूल.

मागवाला
चादरीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आजोबा माग चालवायचे, वडिलांचं अशोक चौकाजवळ छोटं युनिट, ते आता मी बघतो. ऑनलाइन विकायचा प्रयत्न आम्ही पण केला, अजून करतोय. मूळ पोस्टमधला प्रश्न मी दुसऱ्या टोकाकडून बघतो म्हणून जरा लांब होईल.

पहिली गोष्ट फोटो. मुख्य फोटोला पांढरंशुभ्र बॅकग्राउंड पाहिजे असा नियम. आमची चादर गर्द मरून, बाटली हिरवी, त्यावर मोर, वेलबुट्टी, कडेला पट्टा. पलंगावर अंथरली की खोली भरून जाते. पण घडी घालून पांढऱ्यावर ठेवली आणि अंगठ्याच्या नखाएवढी केली की नुसता डाग दिसतो. नक्षी दिसतच नाही. शेजारी साधी फिकट बेडशीट असते ती स्वच्छ दिसते, बोट तिकडं जातं. बोट गेलं नाही की आमचं लिस्टिंग खाली, खाली गेलं की दिसत नाही, दिसलं नाही की विकत नाही. भीमाकाठचा यांनी गाण्याचं लिहिलं तसंच अगदी.

दुसरी वजन. खरी सोलापुरी चादर म्हणजे दुहेरी विणीची, एका बाजूला जो रंग जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, तोच उलट्या बाजूला नक्षीचा. सूत जास्त लागतं म्हणून ती जड असते. धुऊन धुऊन मऊ होते आणि वर्षानुवर्षं जाते, आमच्या गिऱ्हाइकांकडं लग्नातल्या चादरी पोरं कॉलेजला जाईपर्यंत असतात. कुरियरवाला मात्र वजनाच्या टप्प्यावर पैसे घेतो. पॉलिएस्टरची पातळ चादर एका टप्प्यात बसते, आमची तीन-चार टप्पे ओलांडते. म्हणजे जो गुण तोच दंड. एकानं सल्ला दिला, सूत कमी करा, हलकी बनवा. वडील म्हणाले मग तिला सोलापुरी कशाला म्हणायचं.

तिसरी गोष्ट नाव. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. पण "सोलापुरी चादर" टाइप करून बघा, कुठकुठल्या गावची, कसल्या कसल्या धाग्याची चादर त्या नावाखाली निघते. सर्चला शब्दाशी मतलब, मागाशी नाही. त्यातली फिकट, हलकी, स्वस्त चादर वर येते, लोक घेतात, दोन धुण्यात गोळे आले की रिव्ह्यू लिहितात की सोलापुरी चादरीत आता दम राहिला नाही. हे वाचून फार लागतं हो. त्या चादरीनं सोलापूर बघितलेलं पण नसतं.

चौथी कॅश ऑन डिलिव्हरीवर परत येणारा माल. जाता-येता दोन्ही भाडं आमच्या अंगावर. ते आणखी कधीतरी लिहीन.

तरी मी ऑनलाइन बंद केलेलं नाही, कारण ठोक व्यापाऱ्याकडं पण दिवस काही सोन्याचे नव्हते, पैसे सहा-सहा महिने अडकायचे.

शेंगाचटणी
मागवाला, दुहेरी विणीचं आजवर माहीतच नव्हतं. आत्ता कपाटातून काढून उलटी करून बघितली. मोर तसाच आहे, रंगांनी जागा बदललीय!

भीमाकाठचा
अवांतर आहे पण राहवत नाही. आज ज्याला आपण अल्गोरिदम म्हणून नावं ठेवतोय त्याचं एक मूळ मागवाल्यांच्याच मागावर आहे. फ्रान्समधल्या लिऑनच्या जाकारनं १८०४ च्या सुमाराला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, तोच आपला जकार्ड. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तेवढाच ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जातो. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी ही कार्डाची कल्पना तिथूनच घेतली. जाकारचंच एक रेशमी चित्र १८३९ साली मागावर विणलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती, आणि बॅबेजकडं त्याची एक प्रत होती. आपल्याकडं पुढाऱ्यांचे, देवादिकांचे चेहरे विणलेली जी वॉल हँगिंग होतात ती याच घराण्यातली.

मागवाला
हो. आमच्याकडं कार्डाची जुनी माळ अजून जपून ठेवलीय. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, डिझाइन कॉम्प्युटरवरून जातं. पण डिझाइन कुठलं चढवायचं ते मालक ठरवायचा. गिऱ्हाईक समोर बसून सांगायचं, मोराची मान जरा लांब करा. हे सांगणं आता थांबलंय.

दारात_पार्सल
मी पार्सलच्या कामात आहे, नाव लिहीत नाही. तुम्ही लोक रंगाचं बोलताय, मी खोक्याचं सांगतो.

मोठ्या पण हलक्या वस्तूचं वजन काट्यावर धरत नाहीत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुतेक ठिकाणी ५०००, जे येईल ते किलो. काट्यापेक्षा ते जास्त आलं तर त्याचे पैसे. त्यामुळं बनवणारा आधी खोकं बघतो आणि मग वस्तू. गादी गुंडाळून हवा काढून येते, उशा चपट्या होऊन येतात, टेबलाचे पाय वेगळे, टॉप वेगळा. सागवानी दिवाण कुणी ऑनलाइन घेतं का, नाही, कारण तो खोक्यात बसत नाही. आमच्या गाडीतून जे जाऊ शकतं तेच तुमच्या हॉलमध्ये येणार.

पत्त्याचं पण सांगतो. पेठांमधले पत्ते म्हणजे "मारुतीच्या देवळामागं, पिंपळाजवळ, विचारा कुणालाही". मॅपवरचा ठिपका भलत्याच बोळात. ॲप मिनिटं मोजतं, आम्ही बोळ. जुळे सोलापुरात सोसायट्या, लिफ्ट, वॉचमन, काम पटापट होतं.

गड्डा_यात्री
पिनकोड टाकला की "या ठिकाणी उपलब्ध नाही" येतं त्याचं पण बोला. चांगलं काही आवडलं की नेमकं तेच आपल्या ४१३ च्या पिनकोडला येत नाही. म्हणजे गाळणी तिथंच लागली.

भीमाकाठचा
पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिपीतले पत्ते, यात पत्र हरवू नये म्हणून केलेली सोय. पत्र पोचावं हा हेतू होता, आता त्यावरून कुणाला काय दाखवायचं ते पण ठरतं.

गड्डा_यात्री
हे वाचून छान वाटलं. आमच्या लहानपणी घरातली नवी वस्तू म्हणजे गड्ड्यातली, सिद्धेश्वराच्या यात्रेतली. जानेवारीत नंदीध्वज बघायचे, होम मैदानावर फिरायचं, आई स्टीलची मांडणी ठोकून ठोकून बघायची आणि मग भाव करायची. हात लावून घ्यायची सवय होती.

रंधा_आणि_पटाशी
घरांची आतली कामं करतो, वडील सुतार होते. गिऱ्हाईक आता चहा प्यायच्या आधी फोन पुढं करतं, असं पाहिजे. स्क्रीनशॉट परदेशातल्या घराचा असतो, तिथली खिडकी केवढी, ऊन केवढं, आपल्याला काय त्याचं. मी भांडत नाही पण तीन गोष्टी सांगतो, ज्यांना करायचं त्यांनी करा.

खोक्यातून येणारं स्वस्त फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेलं, वर कागदी थर. आपल्याकडं बाई फरशी पुसताना पाणी मारते, खालची कड पाणी पिते आणि फुगते. फुगली की परत बसत नाही. ते खोलून दुसऱ्या घरात नेलं की स्क्रूची भोकं सैल होतात, दार लोंबतं. खालून दोन-तीन इंच पाय असलेलं घ्या, जमिनीला टेकलेलं घेऊ नका.

फॉल्स सिलिंग. फ्लॅटची उंची साडेनऊ-दहा फूट. त्यात सहा-आठ इंच खाली आलं की पंखा डोक्याशी. शेवटच्या मजल्यावर उष्णता अडते म्हणून काही लोक करतात ते समजू शकतो, मधल्या मजल्यावर नुसत्या लाइटसाठी करायचं असेल तर कडेनं पट्टा करा, मधलं मोकळं ठेवा.

आणि ते उभ्या पट्ट्यांचं पॅनल. प्रत्येक खाचेत धूळ बसते. आपल्या गावात.

शेंगाचटणी
"आपल्या गावात" या दोन शब्दांत सगळं आलं. आमचा सोफा पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यांसारख्या कापडाचा, फोटोत ढग वाटला होता. एप्रिलमध्ये खिडक्या उघड्या, कूलर सुरू, वावटळ आली की तो राखाडी. कव्हर निघत नाही. निघालं असतं तरी धुणार कधी, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. माझी जाऊबाई भवानी पेठेत राहते, जुन्या दिवाणावर सोलापुरी चादर अंथरलेली, मळली की काढली, टाकली धुवायला, दुसरी अंथरली. ती रीलच्या कामाची नाही पण उन्हाळ्यात पाहुणे तिच्याकडं जास्त वेळ बसतात.

माळवदाखाली
अक्कलकोट तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, खाली शहाबादी फरशी, बाहेर ४४ डिग्री असताना आत दुपारी झोप लागते. भिंतीत कोनाडे, त्यामुळं शेल्फ लागत नाही. हे घर ज्यानं बांधलं त्यानं ऊन बघून बांधलं. शहरातल्या फ्लॅटमध्ये माळवद येणार नाही हे मला कळतं, पण फरशी, पडद्याचं कापड, बसायची उंची हे तरी ऊन बघून ठरवता येतं. स्क्रीनमध्ये ऊन लागत नाही.

अनघा_जुळेकर
वाचतेय सगळं. मागवाला यांचा प्रतिसाद वाचून खरंच वाईट वाटलं आणि वजनाचा मुद्दा आधी कधी डोक्यात आला नव्हता. पण मी माझ्या मुद्द्यावर आहे. जाऊबाईंचा दिवाण छान, पण त्या चादरी धुतं कोण? कोनाडे सारवतं कोण? बायकांना पुसायला सोपं, उचलायला हलकं काही मिळालं तर त्या घेणारच, त्याला फोनची भुरळ म्हणू नका. टेबल हलकं आहे म्हणून मी एकटी सरकवते, सागवानीला दोन माणसं बोलवावी लागायची.

आणि सातरस्ता, तुम्ही लिहिलंय बायको आणि मुलगी एका बाजूला. त्यांना काय पाहिजे ते लिहिलंच नाही तुम्ही.

रंधा_आणि_पटाशी
ताईंचं बरोबर आहे. हलकं पाहिजे तर हलकं लाकूड असतं, प्लायचं पण चांगलं होतं, खाली चाकं लावून देतो. हे कुणी विचारतच नाही, कारण फोटोत चाकं दिसत नाहीत.

काय_बे
सातरस्ता, काय करलालास बे, बोल की आता!

सातरस्ता
इथंच आहे, सगळं दोघींना वाचून दाखवत होतो. अनघाताईंचा प्रश्न मुलीनं उचलून धरला.

बायकोला पाहिजे ते असं: धुता येईल असं सगळं, सोफ्याखाली झाडू जाईल एवढी उंची, आणि दुपारी पाठ टेकायला जागा. मुलीला पाहिजे पुस्तकांची भिंत आणि व्हिडिओ कॉलला मागं बरं दिसेल असा एक कोपरा. यात बेज रंग कुणीच मागितला नव्हता, आमच्या सेव्ह केलेल्या फोटोंत मात्र तोच होता. मुलीनं ती यादी कागदावर लिहिली आणि फोन बाजूला ठेवून त्यावर बोललो, तेव्हा बऱ्याच गोष्टी पटापट ठरल्या. फॉल्स सिलिंग रद्द. टीव्हीमागं पॅनल नाही, साधा रंग. पंखा, लाइट, नळ ऑनलाइनच घेणार, तिथं खरंच निवड जास्त आहे आणि रिव्ह्यूचा उपयोग होतो. सोफ्याऐवजी लाकडी दिवाण दोन, काढता येणाऱ्या खोळीच्या गाद्या, रंधा_आणि_पटाशी यांना व्यनि केलाय.

मुलीच्या कोपऱ्यासाठी वॉल हँगिंग हवंय. चेहरा नको म्हणते, नुसती नक्षी. मागवाला, असं एखादंच करून मिळतं का? आणि दिवाणावरच्या चादरी, मरून चालेल पण बायको म्हणते एक तरी निळी.

मागवाला
वॉल हँगिंग आम्ही करत नाही, हातमागावर करणारे आहेत, एकेक करून देतात पण वेळ लागतो, ओळख करून देतो. मुलीला सोबत घेऊन या, नक्षी समोर बसून ठरवा.

चादर निळी मिळेल, उलटी केली की निळ्यावर पांढरी नाहीतर पांढऱ्यावर निळी, दोन्ही वापरा. दिवाणाचं माप आधी पाठवा. आमची सिंगल ६० बाय ९० इंचाची असते, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचायची असेल तर दिवाण तीन फुटांपेक्षा फार रुंद करू नका, सुताराला आत्ताच सांगा. आणि लग्नसराईच्या आधी या, नंतर आहेराच्या ऑर्डरी सुरू झाल्या की मागाला सवड नसते.

रंधा_आणि_पटाशी
तीन फूट लिहून घेतलं.

शेंगाचटणी
मागवाला, मला पण दोन निळ्या. ढगावर टाकायला.